रत्नाचा उतार

रत्नाची जीभ किती तिखट, हे वेल्ह्याकडच्या त्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. नवरा वारला तशी तिनं त्याची पिकअप हातात घेतली आणि वाडीचं दूध नसरापूरच्या डेअरीत पोचवू लागली. कुणाच्या दारात हात पसरायला गेली नाही. पण बाई एकदा वाकड्यात शिरली की संपलंच.

गाडी मात्र रोज सकाळी हटून बसायची. बॅटरी नवी टाकली, सेल्फ उघडून झाला, हीटर प्लग बदलले, फरक शून्य. नसरापुरात मुबारक मिस्त्रीपुढं नेली की चावी फिरवताच सुरू! "रातभर हितं ठिवा," तो म्हणायचा. "आन् दूध काय डोक्यावर न्हेऊ?" ही खेकसायची. मग एकच इलाज. रात्री गाडी घराजवळच्या चढावर तोंड वर करून लावायची आणि सकाळी उतारावरून मागं सोडून रिव्हर्समध्ये झटका द्यायचा.

तो उतार संपायचा धाकटा दीर गोरख याच्या दारात. त्याला रोजचा धूर नको होता. दोघांनी एकमेकांची सात पिढ्यांची उणीदुणी काढली, आणि शेवटी पठ्ठ्यानं उतारावर धोंडेच आणून टाकले.

"माजी गाडी उताराबिगर चालत न्हाई!" रत्नानं ग्रामसभेत टेबलावर हात आपटला. डेअरीवाल्यानं आधीच बजावलं होतं, आता एकदा जरी उशीर झाला तरी दूध दुसऱ्या गाडीला.

निकाल होईपर्यंत तिनं गाडी नाइलाजानं खालच्या सपाट रस्त्यावर लावली. सकाळी चावी फिरवली, तर एका दमात सुरू! रोज तेच व्हायला लागलं तेव्हा तिनं मुबारकला विचारलं. त्यानं कपाळावर हात मारला.

"तोंड वर करून लावता व्हय? मग रातभर डिझेल मागं टाकीत उतरतं, पाइपात हवा धरती. हे दुखणं लई वाढलंय. आता चढावर लावू नका ताई, झटक्यानंबी लागायची न्हाई."

रत्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ज्या उतारासाठी सख्ख्या दिराशी वैर घेतलं, तोच मुळावर आलेला? आणि ते त्या गोरखला कळू द्यायचं? मेली तरी नाही!

त्याच संध्याकाळी निकाल तिच्या बाजूनं लागला. गोरखनं धोंडे काढले आणि दारात हाताची घडी घालून उभा राहिला. चार माणसं बघायला जमलीच होती. "लावा वैनी. तुमचा उतार हाय."

रत्नानं सपाट रस्त्याकडं एकदा पाहिलं. मग गिअर टाकला आणि गाडी तोंड वर करून चढावर नेऊन उभी केली.

सकाळी भरलेले कॅन मागं ठेवून तिनं गाडी सोडली. झटका दिला. पुन्हा दिला. गाडी घरंगळत थेट गोरखच्या दारात जाऊन थांबली, मेल्यासारखी. गोरख चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"भावजी, जरा हात लावा की."

"उतार दिला की वैनी," तो म्हणाला, "आता आनखी काय पायजे?"

ऊन वर आलं तेव्हा दुसरी पिकअप आली आणि रत्नाच्या गाडीतले कॅन एकेक करून उतरवून घेऊन गेली.