ट्रकाचं पेन्शन

खाणी बंद पडल्या तेव्हा मी पन्नाशीची, म्हणजे आताच्या मानाने पोरच, आणि अक्कल वयाहून लहान. डिचोलीतल्या आमच्या दारात फणसाखाली खनिज वाहणारा ट्रक कायमचा उभा राहिला आणि हे घरापुढच्या सोप्यावर बसून त्याच्याकडे बघू लागले. पुढे सरकारने ट्रकमालकांना मदत सुरू केली. पहिले पैसे बँकेत आले त्या दिवशी दसरा नसताना मी ट्रक धुतला, अबोलीचा हार घातला आणि शेजारणीला ऐकवलं, "आमचा ट्रक रिटायर झाला गो! सरकार पेन्शन देतं त्याला."

सावंतवाडीचं एक गिऱ्हाईक तेव्हा बरी किंमत देत होतं. ह्यांना विकायचा होता. मीच फणकारले, "ट्रक विकलात की मदत बंद! आणि टॅक्सचं काय विचारता? देवीच्या प्रसादावर टॅक्स भरतं का कोण? सरकारची मदत तशीच."

काय तो तोरा! अर्थमंत्र्यांनी माझ्याकडे शिकवणी लावायला हवी होती. गिऱ्हाईक परत गेलं. मदत रिटर्नमध्ये दाखवली नाही.

मग इन्कम टॅक्सची नोटीस आली. आमचे रिटर्न भरणारा बाजारात बसतो, त्याच्याकडे आम्ही दोघं गेलो.

"मावशे, ही मदत धंद्याच्या कमाईच्या जागी आलेली. कमाईतच धरणार."

"आमच्यावर आपत्ती कोसळली ती?"

"पूर, वादळ असतं तर माफ झालं असतं. खाणबंदी ही आपत्ती न्हय."

"मग आमी ट्रक हौसेन उभो केलो?"

"उभा कुठे? नावावर आहे तोवर कायद्याच्या लेखी तो धावतोच. महिन्याची कमाई धरलेलीच असते."

ह्यांनी तेवढंच विचारलं, "आणि डिझेल कोण घालता त्यात?"

टॅक्स आणि वर त्याचं व्याज भरायला ट्रक विकायला काढावा लागला. सावंतवाडीवाल्याने आता फोनही उचलला नाही. हवा जाऊन टायर जमिनीला चिकटले होते. भंगारवाल्याने दारातच गॅसने कापला. ह्यांनी ड्रायव्हरची सीट तेवढी मागून घेतली आणि सोप्यावर ठेवली. पुढे शेवटपर्यंत त्याच सीटवर बसायचे. पेपर वाचता वाचता डावा पाय क्लच शोधायचा. मी हसायचे. तेव्हाही हसायचेच, मेली मी.

गेल्या पावसात नदीचं पाणी घरात शिरलं. तांदूळ गेले, फ्रीज गेला. सरकारची मदत जाहीर झाली. ह्या वेळी शहाणी होऊन आधीच बाजारात जाऊन विचारलं.

"ही माफ, मावशे. पूर म्हणजे आपत्ती."

म्हणजे माझे तांदूळ भिजले ती आपत्ती. ह्यांचं उरलेलं आयुष्य सोप्यावर गेलं, ती कमाई.

पंचनाम्याला आलेल्या माणसाला मी ती भिजलेली सीटही दाखवली. त्याने पेनाने टोचून बघितली, म्हणाला, "आजी, हे भंगार लिहीत नाही आम्ही," आणि फ्रीजकडे वळला.