पन्नास मीटरची खुंटी

वाशीतल्या आमच्या इमारतीसमोर तेव्हा मोकळा भूखंड होता. तेथे रोज सकाळी तारेला जोडलेला लोखंडी गोळा गरगर फिरवून फेकणाऱ्या फिनलंडच्या एका गृहस्थाविरुद्ध मी तीन तक्रारअर्ज केले होते. कुणाचे डोके फुटल्यावरच पालिकेचे कार्यालय जागे होणार काय, असा खडा सवालही त्यांत होता.

तळोज्यात यंत्रे बसवायला आलेला हा माणूस तरुणपणी आपल्या देशातर्फे हातोडाफेकीत, म्हणजे हाच तारेचा गोळा फेकण्याच्या खेळात, उतरला होता. आता पन्नाशी आली होती, खांदा दुखत होता. पुन्हा एकदा पन्नास मीटर गाठायचे, एवढीच त्याची इच्छा होती. मराठी तो कामगारांकडून शिकला होता. माझे अर्ज ठाऊक असूनही भेटला की म्हणे, "काका, बरा हाय ना?"

चौथ्या अर्जासाठी पुरावा गोळा करायला मी एके सकाळी तेथे उभा राहिलो. चुन्याच्या वर्तुळात त्याने चार गिरक्या घेतल्या आणि गोळा पन्नासच्या खुंटीपलीकडे जाऊन रुतला. मी वैर विसरून टाळी वाजवली. तो मात्र बुटाला लागलेला चुना पाहत होता.

"फाउल, काका. पाय लागला."

"अहो, इथे पाहतंय कोण?" हे मी म्हणालो, आयुष्यभर लोकांना कलमे ऐकवणारा मी!

"तुमी हाय. मी पन हाय," म्हणत त्याने आपल्या वहीत फुली मारली.

चौथा अर्ज मी त्याच दिवशी लिहिला. सदर भूखंडास सरावासाठी जाळी मिळावी, अशी मागणी केली आणि त्याच्या फेकींचा तक्ता जोडला. ती एक फेक धरली असती, तर अर्जाला वजन आले असते. मी ती धरली नाही.