घरात कोणी नसताना

माझ्या अंगात धीर नाही. लिफ्टचं बटण मी तीनतीनदा दाबते, आणि चहा उकळेपर्यंत ओट्यासमोर उभी राहून त्याला मनातल्या मनात शिव्या घालते. 'पी हळद आणि हो गोरी' असं आई माझ्याबद्दल आल्यागेल्याला सांगायची. अशा बाईच्या हातात अलाबामाच्या बाईने जाताना आपला दिवसभर मंद आचेवर शिजवणारा विजेचा स्लो कुकर ठेवला. तो भोळेपणा होता की खोडसाळपणा, मला अजून कळलेलं नाही.

ती आमच्या शाळेत संगीत शिकवायची. शाळा इथे कतारमध्ये, अल गराफा भागात, आणि मी तिथे ऑफिसात प्रवेशाचं काम बघते. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तिचं कंत्राट संपलं आणि ती कायमची घरी निघाली. निघण्यापूर्वी तिने आम्हा दोघीतिघींना जेवायला बोलावलं, मी मुलीला घेऊन गेले. जेवायला काय, तर बीन्स, मक्याचा पाव आणि चिरलेला कच्चा कांदा. पिंटो बीन्स म्हणजे आपल्या चितऱ्या राजम्यासारखे, ठिपक्याठिपक्यांचे. शिजून लोण्यासारखे मऊ, तरी दाणा न् दाणा अखंड, आणि रस दाट, धुरकट वासाचा. त्यांच्या गावाकडे यात डुकराचं हाड घालतात. इथे ती धुरावलेल्या टर्कीची तंगडी घालायची. दुधाची तहान ताकावर, पण ताकही झकास होतं. माझी मुलगी घरी वरणभात दिसला की तोंड वाकडं करते, तिने दोनदा मागून घेतलं.

"आधी गॅसवर चांगले खळखळ उकळून घे," बाईने तिच्या ओढत ओढत बोलायच्या इंग्रजीत मला सांगितलं. "मग यात ओत, बटण लो वर ठेव आणि घराबाहेर जा. झाकण उघडायचं नाही. तू घरात असलीस तर ते शिजायचेच नाहीत." तिची आई म्हणे सकाळी बीन्स लावून कामाला जायची आणि संध्याकाळी येऊन वाढायची.

आम्ही प्रेशर कुकरवर वाढलेली माणसं. आमचा स्वयंपाक शिट्ट्यांवर चालतो. भात किती, डाळ किती, राजमा किती, सगळं कानाला पाठ असतं. हा पठ्ठ्या शिट्टी देत नाही, वाफ सोडत नाही, साधा खडखडत नाही. ओट्यावर नुसता बसून राहतो. सुट्टीवरून परत आल्यावरही महिनाभर मी त्याला कपाटातून काढलं नाही.

कारण त्या दिवसांत घरात वाट बघण्याचं एक काम आधीच चालू होतं. नवरा इथल्या एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंगचं बघायचा. त्याचं प्रोजेक्ट संपत आलं होतं आणि नवीन कंत्राटावर सही व्हायची होती. आम्हा तिघांचा इथला मुक्काम त्याच्या व्हिसावर. मुलगी बारावीत, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. सही झाली तर सगळं सुरळीत, नाही झाली तर पोरीला ऐन परीक्षेच्या तोंडावर उचलून साताऱ्याला न्यायचं. तिथे कुठली शाळा तिला मधूनच घेणार होती? या विचाराने मी रोज संध्याकाळी तो दारात आला की बूट काढायच्या आत विचारायची, "काय झालं?"

"होईल."

"म्हणजे कधी?"

"या आठवड्यात म्हणतायत. इन्शाल्ला."

हा शब्द मी इतकी वर्षं ऐकतेय. मनापासून म्हटलेला इन्शाल्ला वेगळा आणि ऑफिसातला वेगळा. ऑफिसातला ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी चिडायची, तो डबा बेसिनमध्ये ठेवायचा. डबा मात्र रोज लख्ख रिकामा. "आजची मेथी सगळ्यांना आवडली," असं एकदा म्हणालासुद्धा. तेवढंच मला बरं वाटलं.

शेवटी काहीतरी हाताला हवं म्हणून मी एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो कुकर काढला. रात्री बीन्स भिजवले होते. सकाळी उकळले, कांदा, लसूण, तमालपत्र, टर्कीची तंगडी घातली, काचेचं झाकण ठेवलं. झाकणावर वाफ धरली आणि आतलं दिसेनासं झालं. मी कपडे वाळत टाकून आले, झाकण उचललं. बाथरूम घासून आले, झाकण उचललं. चव बघितली, मीठ घातलं, ढवळलं, एक दाणा बोटांत चेपून पाहिला. टणक. दुपार झाली तरी टणक. संध्याकाळी मला राहवेना. सगळा ऐवज प्रेशर कुकरमध्ये ओतला, चार शिट्ट्या दिल्या, आणि झाकण काढलं तर आत पिठलं.

मुलीने चमचा बुडवला आणि माझ्याकडे पाहिलं. "आई, यू ओपन्ड इट, डिडन्ट यू?"

"थोडंसं."

"यू कान्ट लीव्ह एनीथिंग अलोन."

माझी मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तरं इंग्रजीत देते. टोमणे मात्र तिचे थेट माझ्या आईचे आहेत. नवऱ्याने ते पिठलं भाकरीबरोबर निमूट संपवलं आणि पुन्हा वाढून घेतलं.

तेव्हा ठरवलं की बाईने सांगितलं तसंच करायचं, लावायचं आणि घराबाहेर जायचं. नवऱ्याला हे पटेना. "घरात कोणी नसताना हे चालू राहणार?"

"त्यासाठीच असतं ते."

"वायर तापली तर?"

याचं कारण सांगायला हवं. माझे सासरे वीज मंडळात लाइनमन होते. त्यांच्या घरात बाहेर पडताना आधी सगळी बटणं बंद व्हायची, मग चपला घालायच्या. शेजारी साखर आणायला जायचं असलं तरीही. ते नवऱ्याच्या हातात इतकं मुरलंय की विचार दुसरीकडे असला तरी हात आपले फिरत असतात. एकेका खोलीत जाऊन भिंतीवरचं प्रत्येक बटण दाबायचं, शेवटी स्वयंपाकघर, फ्रिज सोडून सगळं बंद, आणि जाता जाता नळाला एक पीळ. आम्ही त्याला हसतो. विमानतळावर निघालो की मुलगी विचारते, "बाबा, शुड वी स्विच ऑफ कतार ऑल्सो?" ती स्वतः मात्र दिवे, एसी, चार्जर, सगळं चालू टाकून शाळेच्या बसकडे पळते. पोरगी इथेच जन्मलेली, तिला विजेचं भय नाही. मी दोघांच्या मधली. दिवे घालवते, पण आमच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटचा हॉल दुपारी भट्टी होतो, म्हणून हॉलचा एसी चालूच ठेवून जाते. यावरून आमची वर्षानुवर्षं भांडणं आहेत.

मंगळवारी बेत केला. नवरा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी बाहेर पडला, इस्त्रीचा शर्ट, बॅग, डबा. मग मुलीची बस आली. मग मी बीन्स उकळले, कुकरमध्ये ओतले, बटण लो वर फिरवलं. दाराशी गेले, परत आले, भिंतीवरचं बटण चालू आहे ना ते पाहिलं. पुन्हा गेले, पुन्हा आले. खाली शाळेतली मैत्रीण गाडीत बसून हॉर्न वाजवत होती, "यल्ला, यल्ला!" म्हणून एकदाची निघाले.

शाळेत दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. एका पालकाला मी दुसऱ्याच वर्गाची माहिती दिली. जीव त्या भांड्यात अडकलेला. आता मऊ झाले असतील, आता रस आटत असेल, आता वायर तापली असेल, आता पडदे पेटले असतील. मध्येच फोन बघायची, कारण नवऱ्याने सहीचं कळलं की लगेच मेसेज करतो म्हणून सांगितलं होतं. मेसेज नव्हता. असा तो सबंध दिवस मी खुर्चीच्या टोकावर बसून काढला.

दुपारी घरी आले. जिन्यात धुरकट वास येईल अशी माझी खात्री होती, पण वास आला तो शेजारच्यांच्या माशांचा. दार उघडलं तर अंगावर गरम हवा आली. हॉलचा एसी बंद होता.

आधी वाटलं, वीज गेली. इथे वीज जात नाही. स्वयंपाकघरात गेले. कुकरचा दिवा विझलेला, भांडं कोमट. भिंतीवरचं बटण बंद. त्याच्या शेजारचं, मिक्सरचं, तेही बंद. मायक्रोवेव्हचं बंद. मी बेडरूममध्ये गेले, मुलीच्या खोलीत गेले. तिचा चार्जर, सकाळी चालू असलेला दिवा, सगळं बंद. परत आले, फ्रिजजवळ उभी राहिले. फ्रिज घुंघुं करत होता. मग मी नळाला हात लावला. एवढा घट्ट पिळलेला की मला तो एका हाताने उघडेना.

मी तिथेच स्टुलावर बसले. तो दुपारी घरी येऊन गेला होता. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला. झाकण उचलून एक दाणा काढला. अर्धाकच्चा. बराच वेळ चालू राहून मग कधीतरी बंद झालेला. मला त्या मेथीची आठवण झाली. सगळ्यांना आवडली म्हणे. कोणत्या सगळ्यांना?

खरं सांगते, पहिल्यांदा आला तो राग. एवढा की फोन उचलून नंबरही लावला. ताकाला जाऊन भांडं लपवतोस? माझ्यापासून? मी कोण, परकी? रिंग जायच्या आत फोन ठेवून दिला. मग भीती आली, पोरीची परीक्षा डोळ्यांपुढे आली. आणि मग मला तो दिसला, रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघणारा, आणि मला रडू फुटलं. संध्याकाळपर्यंत मी त्या घरात नुसत्या येरझारा घातल्या. बीन्स तासन् तास कोमट पडलेले, ते तसे ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून सगळे फेकून दिले आणि भांडं घासून पालथं घातलं.

तो नेहमीच्या वेळेला आला. मी दारात गेले नाही. बूट काढून तो उभा राहिला. मी विचारायची वाट बघत होता, हे मला ओट्यापासून कळत होतं. विचारलं नाही. तो हॉलमध्ये बसला, उठला, टीव्ही लावला, बंद केला. डबा घेऊन आत आला. बेसिनमध्ये ठेवून सवयीने नळाला पीळ देताना त्याला पालथं भांडं दिसलं.

"बीन्स झाले?"

"नाही."

त्याने भांड्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बटणाकडे. बराच वेळ तो तिकडेच बघत राहिला.

"मी बंद केलं का गं?"

मी मानेनेच हो म्हटलं. तो मघा मी बसले होते त्याच स्टुलावर बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सुट्टीवरून आलो त्याच आठवड्यात. बोलावलं आणि खलास म्हणून सांगितलं."

"मग रोज जातोस कुठे?"

"सकाळी समुद्रकाठी, कॉर्निशला. मग सूक वाकिफच्या बाजारात. तिथे सावलीला बाकं आहेत, कोणी उठवत नाही. लोकांना फोन करतो, दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. दुपार मात्र बाहेर काढवत नाही गं, उन्हात गाडीत किती बसणार? म्हणून डबा खायला घरी येतो. रोज निघताना एसी-दिवे आठवणीने होते तसे ठेवतो, आज लक्ष नव्हतं, हात फिरले."

माझाच डबा, माझ्याच ओट्यावर, कोणी नसताना. रागही कुठे गेला कळलं नाही.

"सांगायचं ना मला."

"तू रोज विचारत होतीस," तो म्हणाला. "काहीतरी चांगलं हातात आलं की सांगू म्हटलं."

मुलगी दारात येऊन उभी होती. आम्ही मराठीत बोलत होतो, म्हणजे तिला एकूण एक शब्द कळला होता.

"आर वी लिव्हिंग, बाबा?"

"तुझी परीक्षा होईपर्यंत नाही."

"प्रॉमिस?"

"इन्शा–" तो म्हणाला आणि मध्येच थांबला. "प्रॉमिस नाही करता येत गं. पण प्रयत्न करतोय."

ती बेसिनजवळ गेली, बापाचा डबा उघडला आणि धुवायला घेतला. नळ तिला एका हाताने उघडेना. तिने दोन्ही हात लावले.

रात्री आम्ही खिचडी खाल्ली. ताटं उचलताना मी सवयीने विचारून गेले, "उद्या डब्याला काय करू?" आणि जीभ चावली.

त्याने माझ्या हातातली ताटं घेतली. मग म्हणाला, "डबा नको. बीन्स परत भिजत घाल. उद्या मी घरी आहे."