कोरडी तालीम

बसस्टँडसमोर तो फ्लेक्स लागला तेव्हा माझं डोकं पहिल्यांदा फिरलं. निळंशार पाणी, त्यात उतरणारी निळी घसरगुंडी, गोऱ्यागोमट्या लेकरांचे खिदळणारे चेहरे, आणि खाली लातूरजवळच्या कुठल्याशा पार्कचं आमंत्रण: या, भिजा, मजा करा! फ्लेक्सच्या बांबूंना टेकवून घागरी रांगेत मांडलेल्या होत्या. टँकरची वाट बघत बायका त्याच फ्लेक्सच्या सावलीला बसलेल्या. मुखेडात त्या उन्हाळ्यात त्या फ्लेक्सचा तेवढाच काय तो उपयोग होता.

मी तेव्हा पंचायत समितीत टंचाईच्या टेबलावर होते. कोणत्या गावाला टँकर गेला नाही, कोणता वाटेत बंद पडला, कोणत्या गावात पाणी आधी कुणाच्या खासगी हौदात उतरलं, हे सगळं फोनवरून माझ्या कानावर येऊन आदळायचं. लोकांना वाटायचं, पाणी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि किल्ली मी मुद्दाम लपवलीय. एकानं तर तोंडावरच विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी येऊन राहिलं की न्हाई पाणी?" मी म्हणाले, "न्हाई येत. तुमच्यासारखंच." त्याचा विश्वास बसला नाही. जाताना तो दार आपटून गेला.

आणि मागच्या खोलीत काय चाललेलं असायचं? नवा जिल्हा! उदगीर जिल्हा होणार, आमचा तालुका नांदेडातून निघून तिकडे जाणार, असं कुणीतरी कुठूनतरी ऐकून आलं होतं. झालं, साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे नकाशावर बोटं फिरवायला लागले. नवं कार्यालय कुठं होईल, कुणाची बदली कुठं होईल, प्लॉट आत्ताच घ्यावा की थांबावं. माझ्या टेबलावरचा फोन ठणाणा वाजतोय आणि ह्यांचा चहा काही संपत नाही. एकदा मी तिथूनच ओरडले, "जिल्हा कोणताबी द्या हो, पण त्यात पाणी घालून द्या!" सगळे हसले. मी हसवायला बोलले नव्हते.

त्याच तावात कुणीतरी त्या फ्लेक्सचा विषय काढला, तेव्हा मी सुनावलं होतं, की माणसं घोटभर पाण्याला मोताद झालीत, आणि हे लोक पाण्यात घसरगुंड्या खेळवतात; असल्या जागांना आधी टाळं ठोका. हे मी एकदा नाही, दहा जणांसमोर, टेबलावर हात आपटून म्हटलं होतं. त्यात खोटं काय होतं? आजही मला त्यातला एक शब्द मागं घ्यावासा वाटत नाही.

आणि तरी मीच माझ्या लेकीला तिथं न्यायचं ठरवलं. का, ते सांगते.

ती चार वर्षांची होती. ऑफिसातून येताना मी तिला अंगणवाडीतून घ्यायची आणि बसस्टँडवरून घरी जायची. एके दिवशी फ्लेक्ससमोर तिनं माझं बोट ओढलं. "आई, ते निळं काय हाय?"

मला वाटलं, ती घसरगुंडीबद्दल विचारतेय. नाही. ती पाण्याकडे बोट दाखवत होती. मी सांगितलं, पाणी आहे. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की आई काहीतरी थापा मारतेय. बरोबरच होतं तिचं. तिनं बघितलेलं पाणी घागरीतलं, तांब्यातलं, तळाशी गाळ बसलेलं. तिची आंघोळ लोखंडी घमेल्यात व्हायची. तिला त्यात उभं करायचं, वरून जपून तांब्या ओतायचा. घमेल्यात साठलेल्या पाण्यात कपडे भिजवायचे, कपड्यांच्या पाण्यानं फरशी पुसायची आणि उरलंसुरलं दारातल्या लिंबाला. एक थेंब बाहेर सांडला तर हीच पोर मला दटावायची, "आई, नीट वत की!" चार वर्षांचं लेकरू पाण्यात हात आपटायच्या वयाचं असतं. माझं लेकरू पाण्याचा हिशेब ठेवत होतं, आणि पाणी ओळखत नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी भांडी आपटली, कुकर आपटला आणि जाहीर केलं, शाळा सुरू व्हायच्या आत हिला पोटभर पाण्यात बसवणार. मग ते पाणी कुणाचं का असेना.

आमचे हे मेडिकल दुकानात कामाला, स्वभावानं थंड. म्हणाले, "तूच तर टाळं ठोका म्हणत होतीस." मी म्हणाले, "ठोकू देत. आधी माझी लेक भिजू द्या, मग ठोकू देत."

खरा विरोध सासूबाईंचा होता. त्यांना मी आत्या म्हणते. त्या दारात लसूण सोलत बसल्या होत्या. "पान्यात बसायला तिकीट काढतेत? येड लागलं का माय तुला? लोकं काय म्हनतील?" मग थोडा वेळ त्यांची बोटं थांबली. त्यांनी विचारलं, "समद्यांची लेकरं एकाच पान्यात बसतेत?"

"हाव."

"कोन कुनाचं म्हनून इचारत न्हाई?"

"तिकीट विचारतात फक्त."

आत्यांनी पुढचा लसूण हातात घेतला. त्यांच्या लहानपणी गावातल्या विहिरीवर त्यांना पायरी उतरायची मुभा नव्हती. कुणीतरी वरून ओतायचं आणि या खाली घागर धरून उभ्या. हे त्या कधी रडून सांगत नाहीत, एरवी सांगतच नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "मंग ने तिला. मी बी येते. आपल्या घरात आजून कुनी पान्यात पाय सोडून बसलं न्हाई."

ऑफिसात रजा मागितली तर साहेब म्हणाले, "मॅडम, दुष्काळात सुट्टी?" मी म्हणाले, "साहेब, दुष्काळ मला सोडून कुठं जात नाही. परत येईन तेव्हा इथंच असेल." रजा मिळाली, पण त्याबरोबर चेष्टाही मिळाली. टंचाईच्या मॅडम निघाल्या पाण्यात डुंबायला! हे म्हणणाऱ्या एकाच्याही घरात पाण्यासाठी त्याची स्वतःची झोप मोडत नव्हती. मोडायची ती त्याच्या बायकोची.

मग आमची तयारी सुरू झाली. लेकरू एकदम एवढं पाणी बघून घाबरेल, म्हणून घरी सराव करून घ्यायचा हे माझंच डोकं. पण सराव कशात करणार? पाणी होतं कुठं? आत्यांनी ट्रंकेतून त्यांची निळी साडी काढली. ही साडी त्या वर्षातून एकदाच, जयंतीच्या मिरवणुकीला नेसायच्या. एरवी तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. ती त्यांनी अंगणात सबंध पसरली. "हे बग, हे पानी," नातीला म्हणाल्या. ओट्याला तिरकी फळी लावली, ती झाली घसरगुंडी. आत्या दारात बसून चिंचेच्या पाल्याची तिकिटं वाटायच्या आणि फुकट आत जाऊ द्यायच्या नाहीत. हे गळ्यात शिट्टी अडकवून उभे. पार्कात लहान लेकरांना मोठ्या घसरगुंडीवर सोडत नाहीत असं ऐकलं होतं, म्हणून त्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची रेघ मारून ठेवली. पोर रोज टाचा उंचावून उभी राहायची आणि रोज रेघेच्या खाली भरायची. ठीक आहे, म्हटलं, लहानांच्या हौदात तर बसशील.

"हौदात पाणी कुठवर येतंय?" तिनं विचारलं.

"तुझ्या पोटापर्यंत."

ती खदखदा हसली. एवढं पाणी असतंच कुठं, असं ते हसणं होतं. मग म्हणाली, "इतकं कुनी भरलं? टँकरवाल्या मामानं?"

मी तिला नाक धरायला शिकवलं. पाण्यात गेलं की नाक धरायचं, डोळे मिटायचे, तोंड घट्ट बंद. ती फळीवरून सुर्र घसरत साडीवर यायची, नाक धरायची, गाल फुगवायची आणि पोटापर्यंत दोन्ही हातांनी साडी ओढून घ्यायची. गल्लीतली लेकरंही जमायला लागली. संध्याकाळी अंगणात हा एवढा गलका. बघणाऱ्याला वाटावं, खरंच पाणी आहे. शेजारची एक बाई घागर घेऊन जाता जाता म्हणाली, "तुमच्याकडं बरं हाय बाई, रोज पोहायला." तिच्यावरही मी खेकसले. बिचारी गमतीनं बोलली होती, पण त्या दिवसांत कुणी पाणी हा शब्द जरी उच्चारला तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ठरल्या दिवशी आम्ही तिघी पहाटेच्या एसटीनं निघालो. ह्यांना दुकानातून सुट्टी नव्हती. बाहेर सगळी शिवारं भाजलेली, चाकूरच्या पुढे एका नदीच्या पुलावरून गेलो तर खाली क्रिकेट चाललेलं. लेक खिडकीत नाक धरून बसलेली. आत्या डब्यात धपाटे घेऊन, नवं लुगडं नेसून, लग्नाला निघाल्यासारख्या.

पार्कच्या गेटवर पाटी: बाहेरचं पाणी आत नेण्यास मनाई. शिट्टी अडकवलेला माणूस आमच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही इथं ठेवा." ठेवा? ज्या लातुरात रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती तिथं मी भरलेली बाटली गेटवर ठेवू? आम्ही तिघींनी उन्हात उभ्या राहून ती बाटली तिथल्या तिथं संपवली. पोरीला शेवटचा घोट नकोसा झाला होता, तोही प्यायला लावला. मग तिकिटं काढली. खिडकीतल्या माणसानं ती फाडून दिली आणि वर बघितलंसुद्धा नाही.

आत गेलो. पाळण्यांच्या पुढे तो लहानांचा हौद होता. अगदी फ्लेक्ससारखा निळा. आणि कोरडा ठणठणीत. तळाला धूळ, कोपऱ्यात वाऱ्यानं जमलेला पाला, वर घसरगुंडी ऊन खात उभी.

मी शिट्टीवाल्याकडे धावले. "पाणी कुठंय?"

"दुष्काळ हाय मॅडम. कालच वरून सांगितलं, पाणी सोडायचं न्हाई. पाळणे चालू हायत, तिकडं बसवा की."

"मग तिकीट देताना सांगायला काय झालं होतं?"

"समजून घ्या मॅडम. दुष्काळ हाय."

"मला दुष्काळ समजावून सांगताय?" माझा आवाज एवढा चढला, की पाळण्यावरची माणसं वळून बघायला लागली. "मी टंचाईच्या टेबलावर बसते! रोज सकाळपासून दुष्काळच ऐकते! एक दिवस, एका लेकरासाठी, एका हौदात पाणी मागितलं मी!" तो माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघत राहिला. आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं, की मी ऑफिसात टेबलावर हात आपटून जे मागत होते, नेमकं तेच इथं झालेलं आहे. टाळं ठोकलंय. बरोबर केलं त्यांनी. शंभर टक्के बरोबर. आणि त्या बरोबर असण्याचा मला जेवढा संताप आला तेवढा चुकीच्या कुठल्याच गोष्टीचा आयुष्यात आला नाही.

मागं वळले तर लेक जवळ नव्हती.

ती हौदात होती. मधोमध, धुळीत फतकल मारून. एका हातानं नाक धरलेलं, डोळे मिटलेले, गाल फुगवलेले. दुसऱ्या हातानं ती काहीतरी पोटाकडे ओढून घेत होती. काठावर आत्या. चपला काढून नीट शेजारी ठेवलेल्या, लुगडं घोट्यांच्या वर धरलेलं आणि दोन्ही पाय आत सोडलेले. त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"आई, पोटापर्यंत आलं!" लेक ओरडली.

लेक आता मोठी झालीय, हे आठवून ती खूप हसते. मला अजून हसता येत नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. हात-पाय आपटून, मला खोटारडी म्हणून, सगळं पार्क डोक्यावर घ्यायला पाहिजे होतं तिनं. चार वर्षांच्या लेकराला फसवलं तर ते रडतं. हिला आपण फसलोय हेच कळत नव्हतं, आणि ते कळू नये अशी तालीम तिच्याकडून मीच करून घेतली होती.

मी काठावर गेले. आत्यांचं ऐकलं नाही. म्हणाले, "बाहेर ये. पाणी नाहीये त्यात."

तिनं नाक सोडलं नाही. एकच डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि गेंगाण्या आवाजात म्हणाली, "घरी पन न्हवतंच की."

आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.