तेल होतं, औषध संपलं होतं

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. तेव्हा चाकणच्या आसपास कंपन्या नव्हत्या, कांदा होता. कुरुळीला आमच्या विहिरीवर मोट जाऊन तेलाचं इंजन आलं आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्याला बैलाइतकंच जपायला लागले.

आता इंजनातलं वापरलेलं वंगणाचं तेल टाकून द्यायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. काळं झालेलं तेल ते मडक्यात निवत ठेवायचे. मग सासूबाई आणि मी जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून ते गाळायचो, तूप गाळावं तसं. फडक्यावर गाळ दिसला की मामंजींचं समाधान. तेल परत इंजनात.

असं दोन-तीनदा झालं आणि ऐन कांदा पोसायच्या वेळी इंजन धापा टाकत बंद पडलं. पाण्याची आणखी एक पाळी चुकली तर कांदा हातचा जाणार होता, आणि वर्षाची सगळी भिस्त त्याच्यावर.

पुण्याहून मिस्त्री आला. उघडून बघतो तर आतल्या रिंगा काळ्या चिकट राळेत रुतलेल्या. त्यानं त्या सोडवल्या, घासल्या आणि नवं तेल मागितलं. मामंजींनी गाळलेलं मडकं पुढं केलं.

"हे नको, दादा. तेलात औषध असतं, मळ धरून ठेवायचं. ते वापरात संपतं. हे नुसतं तेल उरलंय."

"उरलंय न्हवं? मग? तुमच्या घरचं तूप बी इतकं गाळलेलं नसंल, मिस्त्रीराव."

"घाला मग. आठवड्यानं मी परत येतोच, चहा ठेवा."

मामंजींनी मडकं उचललं. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची पद्धत नव्हती हो. सांगायचं ते सासूबाईंना सांगायचं, जरा मोठ्यानं.

"आत्याबाई, परवा गोधड्या धुतल्या तवा डोणीतलं पाणी तेवढंच हुतं न्हाई का? पर फेस मेला आन् शेवटच्या गोधडीवर समद्यांचा मळ बसला. पाणी गाळून साबण परत आला असता व्हय?"

सासूबाई पदराआड हसल्या. "ऐकलं का, इंजनाची गोधडी केली हिनं!"

मामंजी हसले नाहीत. तेलात बोट बुडवून चिमटीत चोळत राहिले. मग माझ्याकडं न बघता, पण मलाच म्हणाले, "पोरी, साबणाचा फेस डोळ्याला दिसतो. ह्यातलं संपलं कसं वळखायचं?"

मिस्त्री म्हणाला, बघून नाही कळायचं, घड्याळ लावून किती तास चाललं ते धरायचं आणि तेल बदलायचं. आमच्याकडं कुठलं घड्याळ? शेवटी मामंजींनीच मडकं बाजूला सारून तोड काढली. अमावस्येला आम्ही बैल जुंपत नाही, त्याच दिवशी इंजनालाही सुट्टी आणि नवं तेल. मिस्त्रीनं मान डोलावली.

पाण्याची पाळी चुकलेल्या कडेच्या वाफ्यांतला कांदा त्या साली बारीकच राहिला, बाकीचा पोसला. त्या औषधाला अ‍ॅडिटिव्ह म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. मामंजींना तर कधीच नाही. दर अमावस्येला जुनं तेल काढताना ते थोडं थांबायचे, दिसायला तर चांगलं आहे, असं ओठांवर यायचं त्यांच्या. पण काढायचेच.