नावाचा शब्द होईपर्यंत

निजामाचं राज्य गेलं, मुलूख विलीन झाला, पण माकणीच्या सिद्रामप्पाची जीभ काही कुणात विलीन झाली नाही. जत्रेत देवाची काठी उभी राहिली, सारं गाव हात जोडून उभं, आणि हा बाबा ओरडला, "वाकडी हाय!" आता वाकडी होतीच ती, पण म्हणून बोलायचं? गावानं त्याला वाळीत टाकलं. न्हावी येईना, वाणी मीठ देईना, त्याच्या बायकोशी, शरणम्माशी, विहिरीवर कुणी बोलेना.

सिद्रामप्पा खचला. पोटी मूल नव्हतं. आपल्यामागं आपलं नाव कोण घेणार, हा घोर त्याला आधीपासूनच. बायको थोडीच नवऱ्याचं नाव घेते?

बोलायचे ते एकटे विष्णुपंत गुरुजी. ते तुळजापूरचे, गावकीबाहेरचे. "अहो, याला इंग्रजीत बॉयकॉट म्हणतात," ते म्हणाले. "बॉयकॉट हा माणूसच होता. आयर्लंडात जमीनदाराचा कारभारी. कुळांनी त्याच्याशी बोलणं सोडलं, त्याचं काम सोडलं. पेपरात इतकं गाजलं, की त्याच्या नावाचाच शब्द झाला. तो मेला, पण नाव अजून जगभर घेतात."

"पोरंबाळं व्हती का त्याला?"

"ते काही मला ठाऊक नाही."

"लागत्यात कशाला!" सिद्रामप्पा म्हणाला, आणि त्या दिवसापासून मिशीला पीळ देत चावडीवरून हिंडू लागला.

पोळ्याला गावाचा राग निवला. पाटील नारळ घेऊन दारात आले. "झालं गेलं इसरा, सिद्रामप्पा."

"खबरदार! अजून माज्या नावाचा शब्द रुजला न्हाय. वाळीत टाकणं चालू ठिवा!"

पाटील नारळ घेऊन आले तसे परत गेले. घ्या! करा काय करायचं ते!

शरणम्मानं कपाळावर हात मारला. "तुमचं नाव ऱ्हाईल वो, पर म्या कुणासंगं बोलू? भितीसंगं?"

"दम धर की जरा."

तिनं धरला नाही. घागर उचलून विहिरीवर गेली आणि बायांत पोटभर बोलली. घरी मात्र तोंडाला कुलूप. भाकरी वाढायची, तीही पाठ फिरवून.

एकदा सिद्रामप्पा विहिरीजवळच्या कुडाआड उभा होता. शेजारची गिरिजाबाई शरणम्माला विचारत होती, "नवऱ्यासंगं बोलतीस का न्हाय गं?"

"न्हाय. त्यास्नी म्या सिद्रामप्पा केलंय."

"अगं बया! नवऱ्याचं नाव घेतलंस?"

"नाव कुठं? शब्द हाय त्यो."

झाला! शब्द झाला! सिद्रामप्पाला रडूच फुटलं. धावत घरी गेला. शरणम्मा घागर घेऊन आली तसा आडवा येऊन म्हणाला, "शरणे, एकडाव पुन्यांदा म्हण की गं!"

तिनं घागर ठेवली, भाकरी वाढली आणि पाठ फिरवली.