आमी संदर्भ आहो

चाळिशी उलटल्यावर मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेव्हा पांढरकवड्याच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी पेढे मागितले आणि मुकुटबनच्या माझ्या आत्यानं फोनवर विचारलं, "आता कायले व? नोकरी त लागली नं तुले?"

विषय होता कापसाच्या शेतातले शब्द. सरकी डोबण्यापासून, म्हणजे पेरण्यापासून, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटेपर्यंत आमच्या भागातली माणसं जे बोलतात ते गोळा करायचं, अर्थ लावायचा, आणि कोणता शब्द कुठून मिळाला ते तळटिपेत नोंदवायचं. शब्द मिळवणं फार सोपं गेलं. आत्या सात एकराची कास्तकारीण, आणि तिच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धुरा लागून जिचं शेत, ती बंजारा तांड्यावरची मावशी तिची चाळीस वर्षांची मैत्रीण. दोघींच्या मागे मोबाइल घेऊन ओळीनं चालत राहिलं की झालं. एक वऱ्हाडीत सांगायची, दुसरी तेच गोरबोलीत सांगून "आमचा शब्द जास्त चांगला आहे" म्हणायची, आणि भांडण लागलं की मला आणखी चार शब्द फुकटात मिळायचे.

घोडं अडलं ते तळटिपांपाशी. माझे मार्गदर्शक सर शांत आवाजात अंगावर काटा आणणारे गृहस्थ. "मॅडम, तळटीप म्हणजे पत्ता," ते म्हणायचे. "वाचणाऱ्याला त्या दारापर्यंत जाता आलं पाहिजे." पुस्तकाचा पत्ता सोपा: लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, पान. पण माझे निम्मे शब्द पुस्तकांबाहेर राहत होते. एक शब्द लग्नपत्रिकेवर छापलेल्या चार ओळींत होता, एक जिनिंगच्या फाटकावरच्या पाटीवर, एक मामानं हॉस्टेलवर पाठवलेल्या पत्रात. एक वेबसाइटवर होता आणि ती वेबसाइट मी नोंद करेपर्यंत गायब झाली. "पाहिल्याची तारीख म्हणूनच लिहायची असते," सर म्हणाले. आणि सत्तावीस शब्द आत्याच्या व्हॉट्सअॅपवरच्या आवाजात होते.

"कोणी, कोणाला, कोणत्या दिवशी, आणि ध्वनिमुद्रणात शब्द कितव्या मिनिटाला," सरांनी सांगितलं.

मी कानात इअरफोन घालून ऐकत बसले. 'फरदड', म्हणजे वेचणी संपल्यावरही शेतात राखलेलं कापसाचं पीक, या शब्दाच्या नेमक्या वेळी आत्याच्या कुकरनं शिटी दिली होती. नोंदीत मी प्रामाणिकपणे लिहिलं: "शिटीनंतर लगेच." सरांनी त्यावर लाल गोल केला, मग थोडा विचार करून स्वतःच पुसला. "राहू द्या. खरं आहे नं ते."

प्रबंध जमा करायच्या आदल्या आठवड्यात आत्या आमच्याकडे आली, डोळे तपासून चष्मा करून घ्यायला. टेबलावर संदर्भसूचीची पानं पसरलेली पाहून तिनं नवा चष्मा तिथंच वापरायला काढला. सातवीपर्यंत शिकलेली माझी आत्या बोट ठेवून एकेक ओळ वाचते, आणि वाचलेलं मोठ्यानं बोलते.

"हा अज्ञात कोन व? लईच जागी आहे हा. पाटी बी यानंच लिवली, पत्रिका बी यानंच?"

मी समजावलं, की ज्याचा लेखक माहीत नसतो तिथे अज्ञात लिहितात.

"तुले माहीत नसंन," ती म्हणाली. "जिनिंगची पाटी आपल्या पोस्टमननं रंगवली. त्याचं अक्षर पाह्य, 'क' ले शेपूट असते. अन् हे पत्रिकेतल्या ओळी माह्या नणदेच्या दीरानं जोडल्या. अख्ख्या मुकुटबनले माहीत आहे. त्यानं त पाच लग्नांत तेच वापरल्या."

त्या दुपारी आम्ही नऊ अज्ञातांपैकी सात जणांना शोधून काढलं. आत्या फोन लावायची, "काय बापा, ते तूच लिवलं होतं नं?" असं दरडावायची, आणि पलीकडचा माणूस आधी घाबरून नाही म्हणायचा. पुस्तकात नाव येणार आहे म्हटल्यावर तोच माणूस पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि नोकरीचा हुद्दाही सांगायचा. पोस्टमननं तर आणखी तीन पाट्यांची कबुली दिली. आम्ही दोघी हसून हसून पलंगावर आडव्या झालो. सरांना फोन करून सांगितलं तर तेही हसले. त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग आत्यानं स्वतःच्या नोंदी मोजल्या. तिच्या नावावर एक्केचाळीस तळटिपा होत्या, मावशीच्या नावावर त्रेचाळीस.

"हे कसं काय?" चष्मा काढून तिनं मला विचारलं. मी म्हटलं, मोजून बरोबर आहे. रात्री जेवण झाल्यावर तिनं पुन्हा मोजलं आणि सकाळी बसमध्ये चढताना म्हणाली, "ते शिटीवालं दोनदा धर."

मौखिक परीक्षा मार्चमध्ये, यवतमाळच्या एका कॉलेजात होती. खुली परीक्षा, म्हणजे कोणीही येऊन बसावं. मी आत्याला रीत म्हणून कळवलं. ती एवढ्या लांबून येईल असं मला वाटलं नव्हतं. सादरीकरण सुरू व्हायला दहा मिनिटं असताना फाटकावरच्या शिपायाचा आवाज आला, "बाई, आत परीक्षा आहे. तुमाले कोनाले भेटायचं आहे?"

आणि मग आत्याचा, कॉरिडॉरभर घुमणारा: "आमाले कोनाले भेटायचं नाही. आमी संदर्भ आहो!"

दोघी आत आल्या. पहाटेपासून काळीपिवळी जीप बदलत बदलत आल्या होत्या. आत्या नऊवारीत, मावशी आरशांच्या चोळीत, आणि मावशीच्या काखेत मुळासकट उपटलेली दोन पऱ्हाटीची झाडं. "पुरावा लागते म्हने," तिनं मला सांगितलं आणि ती झाडं पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर नीट बसवली. सर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता बाहेर काढतात. त्यांनी दोघींना नमस्कार केला आणि पाणी मागवलं.

बाहेरून आलेले परीक्षक पुण्याकडचे, नेमके बोलणारे. त्यांनी पुस्तकांवर प्रश्न विचारले, कोशांवर विचारले, मी उत्तरं दिली. मग त्यांनी पान उलटलं. "तळटीप एकशे बारा. 'मांगंपाह्य' हा शब्द. अर्थ दिलाय, वेचणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटून झाडावर मागे राहिलेलं बोंड. सुंदर शब्द आहे. पण कोणत्याच कोशात नाही. स्रोत म्हणून फक्त एका बाईंची मुलाखत आहे. हा खरंच वापरात आहे की त्यांनी तुमच्यासाठी बनवला?"

ती बाई आत्या होती. मी काही बोलायच्या आत आत्या उभी राहिली.

"साहेब, ते चुकलं आहे," ती म्हणाली. "तो शब्द माहा नाही. हिचा आहे."

मावशीनं तिचा पदर ओढला. "बस नं व."

"कायले बसू? साहेब, ही नवीन लग्न होऊन तांड्यावर आली, तवा इले आमची बोली येत नोती. आमी एकमेकीच्या वावरात कापूस वेचाले जावो. इचं बोंड सुटलं का मी मांगून ओरडो, 'मांगं पाह्य, मांगं पाह्य!' इले वाटलं त्या बोंडाचं नावच ते आहे. एक दिवस हीच मले म्हनते, 'तुह्या ओळीत चार मांगंपाह्य राह्यले!'"

सगळ्या खोलीत हशा फुटला. परीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मावशी तोंडावर पदर घेऊन हसत होती आणि हसता हसता म्हणाली, "खरं आहे, साहेब. दोन साल मले तसंच वाटे. मंग समजलं, पन तवर अख्खा तांडा म्हनू लागलता." ती उठली, खुर्चीवरचं झाड उचललं आणि फांदीच्या आत लपलेलं एक वाळकं बोंड परीक्षकांसमोर धरलं. "हे पाहा. हेच."

परीक्षकांनी ते बोंड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "मग मॅडम," ते मला म्हणाले, "हा शब्द नेमका कोणाचा?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, मला माहीत नाही. एकीनं तो हाक म्हणून मारला, दुसरीनं त्याचं नाव केलं. मी मुलाखत आत्याकडून घेतली म्हणून तिचं एकटीचं नाव लिहिलं, ती माझी चूक.

"दोन लेखक असले तर काय करतो आपण?" त्यांनी विचारलं.

"दोघांची नावं देतो."

"द्या मग." त्यांनी अहवालात एकच दुरुस्ती लिहिली, तळटीप एकशे बारा, आणि पदवीची शिफारस केली. सरांनी माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. त्या हललेल्या मानेसाठी मी पाच वर्षं घासले होते.

बाहेर येऊन आम्ही तिघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. सरांनी चहा पाजला. आत्याला कळंबच्या चिंतामणीला जायचंच होतं, म्हणून मी गाडी उलट्या दिशेला वळवली. पऱ्हाटीची झाडं मागच्या काचेला टेकवली होती, रस्त्यानं जाणारी माणसं वळून पाहत होती. यवतमाळ सुटलं तशी मागच्या सीटवर सुरुवात झाली.

"पहिलं नाव माह्यं येईन," आत्या म्हणाली. "मी ओरडली नसती त हिनं काय ऐकलं असतं?"

"छोरी, अक्षराच्या लायनीनं लिव," मावशी मला म्हणाली. "माह्यं अक्षर आंधी येते. नातीनं सांगतलं मले."

"ह्या बाईले अक्षरं कवापासून येऊन राह्यले?"

"तुह्या शिट्या मोजता येते, त अक्षरं नाही येत?"

कुकरची गोष्ट तिला कोणी सांगितली, विचारायला मी आरशात पाहिलं. आत्या खिडकीबाहेर पाहत होती, निरागसपणे. मला इतकं हसू आलं की स्टिअरिंग हातात राहीना. एका कडुलिंबाखाली गाडी उभी केली आणि आम्ही तिघी पोट धरून तिथंच बसून राहिलो.